गोल्फचं मैदान द्या, हिरवळ नको

प्रति,
मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आमच्या भागात गोल्फचं सार्वजनिक मैदान व्हावं, ही माझी मागणी. कापसाला भाव मागायचा सोडून मास्तर गोल्फ मागतो, म्हणून आपल्या कार्यालयात हसू होईल. होऊ द्या. भावाचं पत्र कृषिमंत्र्यांना वेगळं धाडलं आहे.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीला पुतण्याकडे गेलो होतो. त्यानं लाडो सरायच्या कुतुब गोल्फ कोर्सवर नेलं. दिल्ली विकास प्राधिकरणाचं हे मैदान 2000 साली सुरू झालं. क्लबचा सभासद असण्याची गरज नाही, पैसे भरायचे आणि खेळायचं. पैसे आमच्या मानानं बरेच असावेत, कारण पुतण्यानं आकडा सांगितला नाही.

पहिला फटका हवेतच गेला. दुसऱ्याला चेंडू जागेवर आणि मातीचं ढेकूळ पुढे. सोबतचा कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, म्हणाला, "बाबूजी, सिर मत उठाइए." तेव्हा डोक्यात उजेड पडला. निंदणीचा डवरा धरणाऱ्यानं मान वर केली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कापली जाते, हे बापानं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. नजर तासावर ठेवली आणि तिसरा फटका गेला की हो! सरळ, उंच. चेंडू ज्या भोकात पाडायचा ते होल. चांगले खेळाडू अशी अठरा होल 72 फटक्यांच्या आसपास संपवतात. मी नवव्या होलला मोजणं सोडलं. होल फक्त 108 मिलिमीटर रुंद, चहाच्या बशीहून लहान. त्यात चेंडू पडताना घागरीत खडा टाकल्यासारखा आवाज होतो. तो आवाज ऐकायला माणसं कोसभर का चालतात, ते मला त्या दिवशी कळलं.

येताना सात नंबरची एक जुनी स्टिक आणि डझनभर चेंडू घेऊन आलो. सोयाबीन निघालेल्या वावरात पोरं जमली. इटी-दांडूत हात बसलेला एक पोरगा दुसऱ्याच फटक्याला चेंडू धुऱ्यापलीकडे धाडून म्हणाला, "गुरुजी, हे त इटीपेक्षा सोपं हाय." चेंडू तुरीत गेला. तो शोधण्यात सगळ्यांची संध्याकाळ गेली, ते सोडा.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, असं आपले अधिकारी लिहून देतील. पण 1991 साली इंडियन ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकणारे अली शेर आणि 2009 साली जिंकणारे मुनियप्पा, दोघेही आधी कॅडीच होते. फाटकातून आत जायला मिळालं म्हणून खेळ त्यांच्या हाताला लागला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या गोल्फपटू अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, त्या शनिवारी आमच्या पानठेल्यावर गोल्फचा ग माहीत नसलेले लोक स्कोअर विचारत होते.

आता हिरवळीचं. ती आम्हाला नको. मोठ्या मैदानाला उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी लागतं आणि आमच्याकडे मे महिन्यात बाया गुंडभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी गवताला पाणी पाजलं तर गाव मैदान पेटवेल, आणि पेटवावंच. पण कोरड्या मुलखात ग्रीनऐवजी, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीऐवजी, ब्राऊन करतात: होलभोवती दाबून बसवलेल्या रेतीचा गोल, खेळून झालं की त्यावर फळी ओढायची. जळकं ऑइल ओतून रेती घट्ट करण्याची जुनी रीत आहे. ती तेवढी टाळावी, जमिनीत मुरतं ते. (रेती म्हटली की आमच्याकडे तहसीलदारांचे कान उभे राहतात. यावेळी पावती फाडूनच आणू.)

जागाही सुचवतो. गायरानाला हात लावू नका, तिथं गुरं चरतात. वणी पट्ट्यात कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत. त्यातले जुने, बसलेले, तपासून सुरक्षित ठरलेले ढिगारे सपाट करून नऊ होल पुरेत. नागपूर जिल्ह्यात सावनेरला खाणीच्या जमिनीवर इको पार्क झालंच आहे. नियमानं चौदा स्टिक चालतात. पोरांना तीन द्या.

एकच अट. आमच्या भागातल्या एका क्रीडा संकुलाला मी पाहतो तेव्हा कुलूप असतं. आत कमरेएवढा तरोटा, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला गेलेला. तसं करायचं असेल तर मैदान देऊच नका. फाटक पहाटे पाचला उघडावं आणि गावातल्या पोरासोरांना फुकट असावं, एवढं आधी आदेशात लिहा. भूमिपूजनाचं मग बघू.

आपण दौऱ्यावर आलात तर वावरात या. स्टिक माझ्याकडे आहे, चेंडू सात उरले आहेत. फक्त उन्हाळ्यात आलात तर सकाळी आठच्या आत.

आपला नम्र,
एक निवृत्त मास्तर
जि. यवतमाळ