करमाफीच्या घोषणेत छोटा कंत्राटदार बसतो कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की करांविषयीच्या घोषणांची चर्चा होते ती पगारदाराच्या नजरेतून. जानेवारी २०२५ मध्ये आम आदमी पक्षाने प्राप्तिकराची सूट ७ लाखांवरून १० लाखांवर न्यावी अशी मागणी केली. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात केंद्राने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचा करच शून्य केला आणि चार दिवसांनी दिल्लीत मतदान झाले. काँग्रेसच्या २०२४ च्या न्यायपत्रात, म्हणजे जाहीरनाम्यात, जीएसटीचा एकच माफक दर देण्याचे आश्वासन आहे. रंगकाम, प्लंबिंग, फॅब्रिकेशन करणाऱ्या किंवा नगरपालिकेची गटारकामे घेणाऱ्या माणसाच्या हाती यातून काय पडते, ते आकड्यांतच पाहिलेले बरे.

आधी प्राप्तिकर. छोटे कंत्राटदार बहुधा अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीतून विवरणपत्र भरतात, म्हणजे जुन्या कायद्यातले कलम ४४ एडी. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो. प्रत्यक्षात नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवावा लागतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. ७० लाखांची उलाढाल बँकेतून झाली तर ६ टक्क्यांनी उत्पन्न ४ लाख २० हजार. हा माणूस ७ लाखांच्या सुटीतही करमुक्तच होता. १२ लाखांची मर्यादा त्याच्या उपयोगाला येते ती उलाढाल १ कोटी १६ लाखांच्या पुढे गेल्यावर, कारण ६ टक्क्यांनी उत्पन्न ७ लाख ओलांडते ते तिथे. घरकर्ज मागायला गेल्यावर मात्र बँक हेच ४ लाख २० हजार पुढे करते आणि कर्जाची रक्कम कापते.

नीट वह्या ठेवून १२ लाख ७५ हजार निव्वळ नफा दाखवणाऱ्या फॅब्रिकेटरची गत उलटी. तेवढाच पगार असलेल्याला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, उत्पन्न बरोबर १२ लाखांवर येते आणि कर शून्य होतो. फॅब्रिकेटरला ही वजावट नाही. त्याचा कर ७१,२५० रुपये आणि ४ टक्के उपकर धरून ७४,१००. पगारदार दरवर्षी जुनी किंवा नवी करपद्धत निवडू शकतो. व्यावसायिकाने एकदा जुनी धरली की नवीकडे परतता येते ते एकदाच, आणि त्यानंतर व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचा दरवाजा बंद. सूट वाढवण्याची चढाओढ लागली असताना या दोन गोष्टींवर कुठल्याच पक्षाने जोर दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

खरे दुखणे मात्र जीएसटीत आहे, आणि ते दरापेक्षा कर भरण्याच्या तारखेचे आहे. समजा नगरपालिकेला १० लाखांचे रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचे बिल, दिले. त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार कर. सिमेंट, पाइप, स्टील मिळून ५ लाखांच्या खरेदीवर आधी भरलेला ९० हजारांचा कर वळता होतो, म्हणजे भरायच्या करातून वजा होतो. मजुरीवर वळते करण्यासारखे काही नसते. उरलेले ९० हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत रोख भरायचे, बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. भरले नाहीत तर वार्षिक १८ टक्के व्याज. नऊ महिने रखडले तर १२,१५० रुपये. शिवाय पूर्ण कर भरल्याशिवाय विवरणपत्र दाखलच होत नाही, मग विलंब शुल्क वेगळे. सिमेंटवाल्याचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर त्या खरेदीचा वळता केलेला करही व्याजासह परत करावा लागतो. बिल थकवणाऱ्या कार्यालयाला जीएसटीत असा नियम लागू होत नाही. पैसे आले तरी त्यातून जीएसटीचे २ टक्के (कंत्राट अडीच लाखांवर असेल तर), प्राप्तिकराचा १ टक्का, कामगार उपकराचा १ टक्का आणि सुरक्षा ठेव कापूनच हाती पडतात.

दरबदलाचा फटकाही याच माणसाला बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले, ते चांगलेच झाले. पण त्याच दिवशी सरकारी मातीकामाचा दर १२ वरून १८ टक्के झाला. निविदा ‘सर्व करांसह’ २२ लाख ४० हजारांची असेल तर आधी कर वजा जाता २० लाख उरायचे, आता सुमारे १८ लाख ९८ हजार उरतात. मातीकामात मोठा खर्च डिझेलचा, आणि डिझेल जीएसटीबाहेर. त्यावरचा व्हॅट कुठेच वळता होत नाही. म्हणून एकच दर आणू म्हणणाऱ्यांनी तो दर किती, आणि डिझेल आत घेणार की बाहेर ठेवणार, एवढे तरी छापावे. दर खाली आला तर भरायची रक्कम कमी होईल. तारीख तीच राहील.

यावर तोडगा नवा शोधायची गरज नाही. सेवा कराच्या काळात ५० लाखांपर्यंतची सेवा देणाऱ्या व्यक्तीला आणि भागीदारी संस्थेला पैसे हाती आल्यावर कर भरण्याची मुभा होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती गेली. सरकारी व निमसरकारी कामांपुरती तरी ती परत द्यावी, मर्यादा आजच्या भावाने दोन कोटींवर न्यावी. तिजोरीचे नुकसान त्यात नाही, कारण कर तेवढाच राहतो आणि उशीर झाला तर तो सरकारी कार्यालयानेच केलेला असतो. केंद्रात सत्तेत असलेले आणि राज्यांत सत्तेत असलेले, दोघेही जीएसटी परिषदेत बसतात. तेव्हा ‘आमच्या हातात नाही’ ही सबब कुणालाच चालणार नाही.

तोवर कंत्राटदारांनी एवढे करावे. काम करारात टप्प्याटप्प्याने बांधून घ्यावे, मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल मंजूर होईपर्यंत कर-बीजक (टॅक्स इन्व्हॉइस) काढू नये, आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चे बिल, द्यावे. काही कार्यालये बिलाच्या पहिल्याच कागदाबरोबर कर-बीजक मागतात. तिथे मंजुरीनंतर देण्याची अट कार्यादेशातच लिहून घ्यावी.

आपला,
एक करसल्लागार, नाशिक