‘इथपर्यंत बरोबर’ लिहिणाऱ्या सरांना, भाऊसाहेबांना आणि मामांना

आदरणीय गणिताचे सर, भाऊसाहेब आणि मामा यांस,

स. न. वि. वि.

शिक्षक दिनाच्या समारंभात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या व्यासपीठावर आपणा तिघांना कोल्हापुरी फेटे बांधून एकाच रांगेत उभे असलेले पाहिले आणि टाळ्या वाजवायचेही मी क्षणभर विसरलो. गुणवंत शिक्षकांचे सत्कार दरवर्षी होतात. पण शिक्षकाच्या शेजारी त्याच मानाने शाळेचा लेखनिक आणि शिपाई उभा राहावा, हे क्वचितच पाहायला मिळते. मामांचा फेटा सारखा भुवयांवर उतरत होता आणि भाऊसाहेब तो हळूच वर सारत होते. कार्यक्रम संपल्यावर भेटावे म्हणून पुढे आलो, तर आपल्याभोवती माजी विद्यार्थ्यांचा एवढा गराडा होता की दारातूनच परतलो. तेथे बोलायचे राहिले ते येथे लिहितो आहे.

माझा मुलगा आपल्याकडे आला तो नववी नापास होऊन. आधीच्या शाळेने त्याला आठवीपर्यंत काही न बोलता वर चढवत आणले, आणि दहावीचा उंबरठा दिसू लागताच ‘याच्यामुळे आमचा निकाल खाली येईल, दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असे सांगून मोकळी झाली. कार्यालयाबाहेर तीन दिवस उभे राहून मी हा सल्ला मिळवला होता. पुढे निकाल लागले तेव्हा त्याच शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा भला मोठा डिजिटल फलक झळकला. जे नकोत ते आधीच वजा केले की उरलेल्यांचे शंभर टक्के होतात; याला गणित म्हणत असतील, तर ते माझ्या मुलाला येत नव्हते हे बरेच झाले.

ज्या शाहू महाराजांच्या नावाच्या सभागृहात आपला गौरव झाला, त्यांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. शंभर वर्षांनी त्याच गावात पालकाने ‘मुलाला शाळेत राहू द्या’ म्हणून हात जोडावेत आणि शाळेने दार लोटून घ्यावे, तर दंड नेमका कोणाकडून वसूल करायचा, हा प्रश्न त्या तीन दिवसांत मला वारंवार पडला.

आपल्या शाळेच्या दारात मी आलो तोही उभे राहण्याच्या तयारीनेच. मामा, आपण व्हरांड्यातून खुर्ची ओढत आणलीत आणि ‘बसा की, उभं का ऱ्हायलाय?’ म्हणालात. भाऊसाहेबांनी दाखला हातात घेतला, शेऱ्याचा रकाना वाचला आणि त्यावर काही न बोलता जनरल रजिस्टर उघडून मुलालाच विचारले, ‘आईचे नाव कसे लिहितोस, सांग.’ प्रवेशाची बाकीची हकिकत सांगण्यासारखी नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेच नाही.

सर, आता आपल्याविषयी. दहावीच्या पहिल्या घटक चाचणीत माझ्या मुलाला २० पैकी ७ गुण पडले. त्यात वर्गसमीकरणाचे एक उदाहरण होते. मधल्या पदातील वजा १५ ची त्याने वजा ९ आणि वजा ६ अशी फोड केली होती, दोन्ही कंस नीट मांडले होते, आणि शेवटच्या ओळीत उत्तर ९ व ६ येण्याऐवजी वजा ९ व वजा ६ लिहून सगळ्यावर पाणी ओतले होते. आजवर अशा उदाहरणावर त्याने एकच खूण पाहिली होती: वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत ओढलेली लाल फुली. आपण फुली मारली नव्हती. कंसांच्या ओळीखाली एक बारीक रेघ ओढून समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: ‘इथपर्यंत बरोबर’.

त्या संध्याकाळी तो ओट्याशी उभा राहून बराच वेळ तो कागद पाहत होता. मग मला म्हणाला, ‘बाबा, मला फक्त शेवटची ओळ येत नाही.’ त्याआधी चार वर्षे हा मुलगा ‘मला गणित येत नाही’ असे म्हणत होता.

मी शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भागाला, एक बोअर (गोल छिद्र) अर्ध्या मिलिमीटरने चुकला म्हणून आम्ही तो जॉब भंगारात फेकत नाही. चूक जिथे आहे तिथे खडूने गोल करतो आणि दुरुस्तीला पाठवतो. लोखंडाच्या तुकड्याला जी सवलत मी रोज देतो, ती माझ्या मुलाला कोणी दिली नव्हती, आणि खरे सांगायचे तर घरी त्याचे प्रगतिपुस्तक पाहताना मीही दिली नव्हती. आपल्या त्या दोन शब्दांनी मुलाइतकेच मलाही तपासले.

पुढे गणितात त्याला १०० पैकी ५८ गुण मिळाले आणि तो आता आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकतो. फलकावर फोटो लागावा असे हे यश नव्हे, आणि त्या वर्षी आपल्या शाळेचा निकालही शंभर टक्के नव्हता. म्हणूनच परवाचा पुरस्कार मला मोठा वाटला. आपल्याकडे सज्जन माणसाला ‘साधा आहे’ म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. कोणीतरी अशा साध्या माणसांना शोधून काढले आणि त्यांना फेटे बांधले, याचे समाधान फार आहे. ज्यांनी आपली निवड केली, त्यांचेही मी मनापासून आभार मानतो.

सर, एक कबुली द्यायची राहिली. चाचणीचा पेपर पालकाची सही घेऊन शाळेत परत द्यायचा असतो. सही मी त्याच रात्री केली होती. पेपर मात्र अजून आमच्याच कपाटात आहे, त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या वर ठेवलेला. तो आता परत मागू नये, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक पालक
कोल्हापूर