राजवाडा आज बंद आहे

बँकॉक, सोमवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी कबुली देऊन टाकते. मी फसले. निघताना तुम्ही बजावलं होतंत, कुणी फार गोड बोललं की दोन पावलं मागे सर म्हणून. परवा राजवाड्याच्या भिंतीशी इस्त्रीच्या शर्टातले एक काका भेटले, साधारण तुमच्याच वयाचे, चष्मा दोरीला अडकवलेला. म्हणाले, "आज वाडा बंद आहे, पूजा चालू आहे. तोवर ही टुकटुक देवळं दाखवेल, चाळीस बात फक्त." मी कशाला मागे सरते! एक देऊळ झालं आणि गाडी थेट खड्यांच्या दुकानात. एसीत बसवून, सरबत पाजून नीलम दाखवले. घेतलं काहीच नाही (आई, खरंच नाही), पण बाहेर येते तर टुकटुकवाला पसार. पायपीट करत परतले तेव्हा साडेतीन वाजून गेलेले, तिकीटखिडकी बंद. म्हणजे काकांचा शब्द शेवटी खराच झाला! हॉटेलातली मुलगी म्हणाली, हे इथलं रोजचंच. दुसऱ्या दिवशी 500 बात मोजून वाडा पाहिला. सोनं भरपूर, गर्दी त्याहून जास्त.

आई, तुझा प्रश्न एकच असणार: खातेस काय? इथे भाजीतसुद्धा माशाचा सॉस घालतात. पण काही गाड्यांवर पिवळी झेंडी असते, तिच्यावर लाल अक्षर, आपल्याला 17 लिहिल्यासारखं दिसतं. ते 'जे' जेवण. मांस, अंडं, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. तुझा अख्खा चातुर्मास इथे निभेल, फक्त चहा कोरा प्यावा लागेल.

आणि गल्लीच्या तोंडाशी एक बाई आप्पे करते! खनोम क्रोक म्हणतात. आपल्यासारखंच बिडाचं पात्र, फक्त परातीएवढं. तांदळाचं पीठ, वर नारळाचं दूध, झाकण. कडा तांबूस झाली की चमच्याने सोडवून दोन अर्धुकं एकमेकांवर ठेवते. आपण उलटतो, ती उलटत नाही, त्यामुळे मधे दूध पातळच राहतं. पहिल्याच घासाला जीभ पोळली. तू तिला नक्की म्हणाली असतीस, अगं, उलट की.

रहदारी टाळायला मी सेन सेप कालव्यातल्या होडीने फिरते. होडी नीट थांबतच नाही, धक्क्याला टेकली की उडी मारायची. कंडक्टर हेल्मेट घालून बाहेरच्या काठावरून चालत पैसे घेतो आणि समोरून दुसरी होडी आली की प्रवासीच दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करतात, नाहीतर त्या काळ्या पाण्याचा फवारा तोंडावर. बाबा, तुमच्या गुडघ्यांना हे झेपायचं नाही. तुमच्यासाठी स्कायट्रेन, लिफ्टसकट.

एरावणच्या चौकात चार तोंडांचा ब्रह्मदेव आहे, देवस्थान 1956 सालचं. झेंडूच्या माळांचा ढीग, आणि नवस फेडायला लोक पैसे देऊन देवापुढे नाच करवतात. आई, तू तिथून हलली नसतीस.

संध्याकाळी लुम्पिनी बागेत बसले होते. सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं आणि पळणारी माणसं होती तिथे थबकली. घाम पुसायलासुद्धा कुणाचा हात हलला नाही. मीही उठून उभी राहिले. तेवढ्यात तळ्यातून एक पुरुषभर लांब घोरपड वर आली आणि त्या सगळ्या पुतळ्यांच्या मधून, जीभ लपलपवत, सावकाश रस्ता ओलांडून गेली. बाबा, तानाजीच्या यशवंतीची गोष्ट तुम्ही सांगायचात तेव्हा मला वाटायचं, एवढीशी घोरपड माणसाचं वजन कशी पेलेल? ही बघून तुमच्यावर थोडा विश्वास बसला.

जानेवारीत उकाडा कमी असतो म्हणे. दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून मुदत तेवढी बघून ठेवा. गुरुवारी पहाटे पोचेन, घ्यायला येऊ नका.

तुमची,
चिमी