बांधाची भांडणं आणि इंग्लंडातलं लॅक्स्टन गाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पाणंद अडवली, बांधावरनं डोकी फुटली अशा बातम्या रोज पेपरात येतात, त्या वाचूनच हे पत्र लिहायला बसलोय. मी करवीर तालुक्यातला शेतकरी, दोन एकर ऊस आहे. आमची लेक नोकरीनिमित्त इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते, गेल्या नोव्हेंबरात तिच्याकडं गेलो होतो. तिथं तिनं मला लॅक्स्टन नावाच्या एका खेड्यात नेलं आणि तिथं जे बघितलं ते अजून डोक्यातनं जात नाही.

गाव तसं छोटंच. लाल विटांची, कौलारू घरं, एक जुनं चर्च, एक पब आणि भोवतीनं सगळी चिकण मातीची शेती. रॉबिन हूडचं शेरवुड जंगल तिथनं फार लांब नाही. पण या गावाचं नाव आहे ते शेतीमुळं. इंग्लंडात पूर्वी गावोगावी मोठमोठी उघडी शिवारं असायची आणि त्यात प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या, मधे ना कुंपण ना भिंत. पुढं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कायदे करून जवळपास सगळीकडं कुंपणं घातली, लॅक्स्टनला मात्र ती जुनी पद्धत आजही चालू आहे. वेस्ट फील्ड, साऊथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शिवारं, एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पूर्वी पडीक ठेवायचे आणि आता तिथं बऱ्याचदा चारा घेतात, आणि दरवर्षी हे फिरतं. या गावाचा 1635 सालचा नकाशा आहे, मार्क पियर्स नावाच्या माणसानं पट्टी न् पट्टी मोजून काढलेला, तो ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत जपून ठेवलाय.

नोव्हेंबरच्या शेवटी तिथं ज्युरीचा दिवस असतो, नेमका तो आम्हाला सापडला. ज्युरी म्हणजे गावातलेच शेतकरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सगळे नव्यानं गहू पेरलेल्या शिवारात गेले, प्रत्येकाची पट्टी कुठवर आहे ते बघितलं, नांगर गावच्या रस्त्यात किंवा मधल्या गवताच्या पट्ट्यात गेलाय का ते बघितलं आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकल्या. मी अगदी जवळ उभा होतो. एकजण खुंटी धरतोय, दुसरा हातोडा घालतोय, तिसरा मागं उभा राहून ओळ सरळ आहे का बघतोय, चिखल गुडघ्यापर्यंत, आणि ज्याची पट्टी तो शेतकरीपण तिथंच उभा, तोंडातनं चकार शब्द नाही! मग सगळे मिळून पबात जेवायला. पुढच्या आठवड्यात गावचं कोर्ट बसतं, कोर्ट लीट म्हणतात त्याला, आणि ज्यानं हद्द ओलांडली असंल त्याला दंड. दंड किरकोळच असतो, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं. 1977 च्या कायद्यानं अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढले, लॅक्स्टनचं तेवढं शेतीपुरतं राखलं. मालक कितीदा बदलले, 1952 ला सरकारच्या शेती खात्यानं गाव विकत घेतलं, 1981 ला ते क्राऊन इस्टेटकडं, म्हणजे राजघराण्याच्या नावच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडं गेलं, 2020 ला पुन्हा जुन्या मालकांच्या थोर्सबी इस्टेटकडं आलं, पण ज्युरी काय थांबली नाही.

आता आपल्याकडचं बघा. आमची पाणंद माझ्या लहानपणी दोन बैलगाड्या एकमेकीला ओलांडून जातील एवढी होती, आज एक ट्रॉली जात नाही. कुणी एका वर्षात खाल्ली नाही, दोन्हीकडनं दरवर्षी फाळाएवढी वीत-वीत कोरत आणली. गेल्या साली माझा ऊस तोडला तर मोळ्या डोक्यावरनं रस्त्यापर्यंत आणाव्या लागल्या, तोडणाऱ्या बायकांच्या माना आखडल्या, त्यातली एक पोटुशी होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. अर्ज केला, मोजणीचे पैसे भरले, तारखा झाल्या, आणि या सगळ्यात ज्या भावकीशी जेवणखाण होतं ती बोलायची बंद झाली.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, बांधावरनं वाट मागायला महसूल कायद्याचं कलम 143 आहे, गावनकाशात पाणंद दाखवलेली असते. पण यातलं काहीही हलायचं तर आधी कुणीतरी तक्रार करायला पाहिजे, आणि ज्यानं तक्रार केली तो गावात वाईट होतो. लॅक्स्टनला तक्रारीची वाटच बघत नाहीत. भांडण असो नसो, ठरलेल्या दिवशी माप घेतात, सगळ्यांचं घेतात, म्हणून राग धरायला कुणी एक माणूस सापडत नाही, आणि वीतभर सरकलं असंल तर त्याच वर्षी कळतं, तीस वर्षांनी नाही.

कोण म्हणंल तिथं जमीन इस्टेटची आणि शेतकरी कुळं, आपल्याकडं ज्याचा त्याचा सातबारा. बरोबर आहे. म्हणून मी खाजगी बांधाचं म्हणतच नाही, ते मोजणीवाल्यांचं काम. पण पाणंद आणि गायरान तर गावचं आहे ना? तेवढं तरी ग्रामपंचायतीनं दरवर्षी, दसरा झाला की तोडी सुरू व्हायच्या आधी, तलाठी, कोतवाल आणि गावातली दहा-बारा माणसं घेऊन, गावनकाशा हातात धरून चालून बघावं, खुणा रोवाव्यात आणि काय आढळलं ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं. याला खर्च तो काय? एक टेप, थोड्या खुंट्या आणि एक दिवस.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. पहिली खुंटी माझ्या शेताकडनं ठोका असंही सांगणार आहे, कारण आमच्या वडलांच्या वेळेपासनं आमचाही नांगर पाणंदीत थोडा आत गेलेला आहे हे मला माहीत आहे, आणि तेवढी जागा मी सोडणार आहे. इतर गावांतल्या सरपंचांनी आणि शेतकऱ्यांनी हे वाचावं म्हणून पत्र छापावं ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
करवीर तालुका, जि. कोल्हापूर