अनोळखी सुहृदांचे मनःपूर्वक आभार

माझ्या वडिलांच्या त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडात, कॉर्डोमा हा दुर्मीळ कर्करोग आढळला. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होणारा हा रोग भ्रूणावस्थेतील पृष्ठरज्जूच्या, म्हणजे कणा तयार होण्याआधीच्या आधारदंडाच्या, उरलेल्या पेशींपासून उद्भवतो आणि संथपणे वाढत शेजारच्या अवयवांत शिरतो; वडिलांच्या बाबतीत तो गुदाशयापर्यंत पोहोचला होता. गाठ फुटल्यास पेशी सांडून रोग उलटण्याचा धोका असतो, म्हणून हाड व गुदाशयाचा भाग एकसंध काढावा लागला.

या दीर्घ शस्त्रक्रियेसाठी ज्यांनी रक्त दिले, त्यांचे चेहरेही आम्ही पाहिलेले नाहीत. परळच्या रक्तपेढीत शांतपणे रांगेत उभ्या राहिलेल्या त्या सर्वांचे आम्ही कायमचे ऋणी आहोत. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तपासून या रोगाचे अचूक निदान करणाऱ्या तज्ज्ञांचे आभार मानायचे सहसा राहून जाते, वास्तविक पुढचे सारे उपचार त्यांच्याच निर्णयावर उभे असतात.

पोटावरच्या स्टोमाची, म्हणजे मल बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची, पिशवी कशी बदलायची, भोवतालची त्वचा कशी जपायची, हे वडिलांचा संकोच ओळखून, त्यांना ‘काका’ म्हणत, पुन्हापुन्हा समजावणाऱ्या परिचारिकाताई, आपले नाव विचारायचे राहिले. आपल्यामुळेच वडील पुन्हा चारचौघांत बसू लागले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या पत्नीने स्वतःच्या काळजीतही माझ्या आईला रोज बळेच जेवू घातले. त्या माउलीलाही आम्हा सर्वांचा सादर नमस्कार.