रक्त लवकर घ्या, लघवीवर विसंबू नका

महोदय,

श्वासाची तपासणी करणारे यंत्र फक्त दारू ओळखते. गांजा ओढलेल्या किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेल्या चालकाने त्यात फुंकले तर आकडा शून्यच येतो. गाडी झोकांड्या खात होती आणि यंत्र शून्य दाखवते आहे, अशा वेळी चालकाला सोडून देणे धोक्याचे आहे.

पुढची तपासणी डोळ्यांपासून सुरू होते. पेन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरून हळूहळू बाजूला न्यायचे आणि डोके न हलवता त्याकडे बघायला सांगायचे. दारू किंवा शामक गोळ्या पोटात असतील तर नजर कडेला गेली की बुबुळे झटके देऊ लागतात. अफूच्या नशेत हे झटके नसतात, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. कोकेनने त्या विस्फारतात. गांजा ओढलेल्याला पेन नाकाजवळ आणल्यावर दोन्ही डोळे आत वळवणे बहुधा जमत नाही. डोक्याला मार लागला असेल किंवा रक्तातली साखर उतरली असेल तरी माणूस नशेत असल्यासारखा वाटतो, म्हणून नाडी, रक्तदाब आणि ताप बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

लाळेची पट्टी काही मिनिटांत उत्तर देते, पण ज्या पदार्थांसाठी ती बनवली आहे तेवढ्यांचेच. गांजाने तोंड कोरडे पडते, लाळ पुरेशी मिळत नाही आणि घाई केली की चाचणी बाद होते.

सर्वांत जास्त पुरावा हातचा जातो तो रक्त घ्यायला उशीर झाल्याने. गांजातला टीएचसी हा नशेचा घटक ओढल्यावर काही मिनिटांतच रक्तात सर्वाधिक असतो. मग तो चरबीत शिरतो आणि तास-दोन तासांत रक्तातले प्रमाण झपाट्याने घसरते. नशा मात्र अजून उतरलेली नसते. पंचनामा आणि कागदपत्रे नंतरही होतील, आधी रक्त घ्या. ते फ्लोराइड असलेल्या, करड्या झाकणाच्या नळीतच घ्यावे, नाहीतर नळीतल्या नळीत कोकेनचे विघटन होत राहते.

लघवीत टीएचसीचा जो अवशेष सापडतो त्याने नशा होत नाही, आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे राहतो. त्या अहवालावरून अपघाताच्या वेळी चालक नशेत होता असे म्हणणे चूक आहे, मग तो कितीही दोषी वाटो.

गाडी थांबवल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ आणि त्या क्षणी दिसलेली लक्षणे, या तिन्ही नोंदी एकाच कागदावर प्रयोगशाळेत आल्या पाहिजेत. त्या नसतील तर रक्तात सापडलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

– एक रासायनिक विश्लेषक