पन्हळीचा वासा अंदाजाने कापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर शाळा, अंगणवाड्या आणि घरांच्या छपरांची डागडुजी निघते. पहिल्याच मोठ्या सरीला पन्हळ, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू (पाखी) आतल्या कोनात मिळतात ती रेषा, गळते आणि खापर फुटते कौलांवर. कौले बदलली तरी ठिपका पडतो तो त्याच जागी, कारण चूक बहुतेकदा कौलाखालच्या लाकडाच्या मापात असते. जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर धाब्याच्या, म्हणजे सपाट छताच्या घरांना पन्हळच नसते. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे मात्र कौलारू घराला काटकोनात दुसरी खोली जोडली, की दोन पाखी आतल्या कोनात मिळतात आणि दोन्हींचे पाणी एकाच रेषेत उतरते.

उतार फुटाला ६ इंच धरू. दोन्ही खोल्या १२ फूट रुंद, म्हणजे भिंतीपासून आढ्याच्या (माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या) मध्यापर्यंत आडवे अंतर ६ फूट आणि उंची ३ फूट. साधा वासा फुटामागे १३.४२ इंच लागतो, म्हणजे ६ फूट साडेआठ इंच. पन्हळीचा वासा नकाशात कर्णावर असल्याने फुटामागे बरोबर १८ इंच, म्हणजे ९ फूट. वळचण दीड फूट बाहेर काढायची असेल, तर साध्या वाशाला २० इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि पन्हळीच्या वाशाला २७ इंच वाढवावेत. इथे एक हमखास चूक होते. साध्या वाशाची तिरपी लांबी १.४१४ ने गुणतात आणि वासा पावणेसहा इंच जास्त येतो. गुणायचे ते फक्त आडवे अंतर. उंची तीच राहते.

गुण्यावरही (सुताराच्या काटकोनी पट्टीवरही) हाच फरक. साध्या वाशाला १२ आणि ६, पन्हळीच्या वाशाला १७ (१२ च्या १.४१४ पट) आणि ६. म्हणजे पाख्याचा उतार साडेसव्वीस अंश असला, तरी पन्हळीचा साडेएकोणीसच भरतो. दुप्पट पाणी आणि कमी उतार, म्हणून पन्हळीला सवलत नाही.

ही मापे आढ्याच्या मध्यापर्यंतची आहेत. आढे २ इंच जाड असेल, तर साधा वासा आडव्या मापाने १ इंच आणि पन्हळीचा वासा १.४ इंच आखूड करावा. हे माप ओळंब्याच्या (उभ्या) रेषेशी काटकोनात घ्यायचे, वाशाच्या तिरप्या कडेवर नाही.

मग येतात आढ्यापासून पन्हळीपर्यंतचे तोकडे वासे. दीड-दीड फुटावर लावले, तर प्रत्येक पुढचा वासा आधीच्यापेक्षा २० इंच १ सुताने आखूड. पन्हळीला टेकणारे टोक तिरके कापावे लागते आणि खरा घोळ तिथेच. वरच्या कडेवर ४५ अंश आखून कापले, की २ इंच जाडीच्या वाशाला जवळपास पाव इंचाची फट राहते. मग ती पाचर ठोकून बुजवतात. वरच्या कडेवर गुण्याला १२ आणि १३.४ धरावे आणि १३.४ च्या बाजूने रेघ मारावी. यंत्राची करवत असेल तर काम सोपे. बाजूवर ओळंब्याची रेघ आखा, पाते ४५ वर ठेवा आणि रेघेवरून चालवा.

बसवताना तोकड्या वाशाची वरची कड पन्हळीच्या वाशाच्या कडेशी सपाट करू नये. पन्हळीचा वासा २ इंच जाड असेल, तर ती सुमारे ३ सूत वर हवी. सरळ पट्टी पाख्यावर ठेवून सरकवावी. तिचे टोक पन्हळीच्या मध्यरेषेला टेकले पाहिजे. सपाट बसवले तर रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) मध्यावर अडतात आणि पन्हळीतच उंचवटा तयार होतो. बाकी वासे २ बाय ४ असले, तरी पन्हळीचा २ बाय ६ घ्यावा. नाहीतर तोकड्या वाशांची खालची टोके टेकण्यावाचून लोंबकळतात.

हे सारे हिशेब काटकोन आणि सारखा उतार गृहीत धरून आहेत. जुन्या मातीच्या भिंती असतील, तर खोलीचे कर्ण आधी मोजावेत. लहान खोलीचे आढे मोठ्याच्या उंचीला न्यायचा हट्ट धरला, की दोन उतार वेगळे पडतात आणि १७ चा आकडा निकामी होतो. तेव्हा अंगणात पूर्ण मापाचा आराखडा दोरीने आखूनच लाकूड कापावे. ओले लाकूड तर नकोच. खान्देशातल्या मे महिन्यात ते पिळते, आणि पन्हळीचा वासा पिळला की दोन्ही पाखी हलतात.

पन्हळीत कौलांखाली टाकायचा पत्रा किमान २ फूट रुंद, जोड खालून वर, एकावर एक ६ इंच. कौले मध्यरेषेपासून दोन्हीकडे २ इंच सोडून कापावीत, म्हणजे निंबाचा पाला अडकत नाही.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पन्हळीचा वासा इतर वाशांतच घनफुटात मिसळलेला दिसतो. ठेकेदार मग उरलेल्या तुकड्यांना जोड देऊन तो उभा करतो. संबंधित कार्यालयांनी ही बाब लांबी, जाडी आणि ‘बिनजोड’ या अटीसह वेगळी लिहावी, आणि पत्रा टाकण्याआधी मोजमाप घ्यावे. एकदा कौले चढली, की आतली पाचर कुणालाच दिसत नाही.

— सुतारकामाशी संबंधित एक वाचक, नवापूर (जि. नंदुरबार)